गावातलं शेवटचं दुकान गावानेच चालवायला घ्यायचं असेल तर

इंग्लंडच्या एखाद्या लहान खेड्यात दहा मिनिटं फेरफटका मारला, की गेल्या साठ-सत्तर वर्षांत गावातून काय काय गेलं ते घरांच्या पाट्यांवरच वाचता येतं. ‘द ओल्ड पोस्ट ऑफिस’, ‘द ओल्ड फोर्ज’, ‘द ओल्ड बेकरी’, ‘द ओल्ड स्कूलहाउस’. पोस्ट, लोहाराची भट्टी, पाववाला, शाळा, सगळ्यांची राहती घरं झाली. लाल टेलिफोन बॉक्समध्ये फोन नसतो. हृदय थांबलं तर वापरायचं डिफिब्रिलेटर असतं, नाहीतर जुन्या पुस्तकांची फळी. उरतं चर्च, गावचा हॉल, असला तर पब, आणि असलं तर एक दुकान.

ते दुकान चालवणारं जोडपं ‘आता आम्ही थांबतो’ म्हणतं, तेव्हा गावाच्या हातात फार तर काही महिने असतात. अनेक गावांनी त्या वेळात संस्था काढून दुकान स्वतः चालवायला घेतलं आहे. कायदा, कागदपत्रं, भांडवल यांचा सगळ्यांना धसका असतो, पण ती कामं बहुधा पार पडतात. दुकान पुढे टिकतं की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं: घरटी आठवड्याची खरेदी आणि गल्ल्यामागे उभे राहणारे हात. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

आधी खरेदी मोजा

घरोघरी एका पानाची प्रश्नावली द्या आणि आठवड्याने स्वतः दार वाजवून परत घ्या. पेटीत टाकायला सांगितलं तर उत्साही लोकांचेच कागद येतात आणि आकडे फुगतात. ‘गावात दुकान हवं का?’ असा प्रश्न विचारूच नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा: गेल्या आठवड्यात गावच्या दुकानात किती पौंड खर्च केले? दूध, ब्रेड, अंडी, वर्तमानपत्र यांतलं काय कुठून आणलं? सुपरमार्केटची गाडी घरी किती वेळा येते? आणि शेवटी, कोणत्या वारी, किती वाजता, किती तास दुकानात उभे राहाल? नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. ‘मदत करू’ एवढंच लिहिलेला कागद पाळीच्या हिशेबात धरू नका.

‘पुढे एवढा खर्च करू’ म्हणून लोक जो आकडा देतात, तो निम्मा करा. मग बसून हिशेब मांडा. नमुन्यासाठी अडीचशे घरांचं गाव धरू. आठवड्याची विक्री ३,५०० पौंड आणि त्यावर सरासरी २२ टक्के मार्जिन धरलं तर हाती ७७० पौंड राहतात. त्यातून पगारी व्यवस्थापक आठवड्याला ३० तास, ताशी १४ पौंडांनी ४२०. पेन्शन आणि पगारपत्रकाचं काम २५. वीज ११०, कारण चार फ्रीज रात्रंदिवस चालतात. भाडं ८०. विमा, कार्डमशीनचं शुल्क, इंटरनेट, कचरा उचलणं, हिशेबनीस मिळून ९५. बेरीज ७३०. शिल्लक चाळीस पौंड.

आता हीच विक्री ३,००० वर आणा. मार्जिन ६६० होतं, खर्च जवळपास तोच राहतो, आणि आठवड्याला ७० पौंडांचा, म्हणजे वर्षाला ३,६०० हून जास्त तोटा होतो. पाचशे पौंडांचा हा फरक म्हणजे घरटी आठवड्याला दोन पौंड. एक ब्रेड आणि थोडं दूध. पहिल्या ग्रामसभेत हा एकच आकडा फळ्यावर मोठा लिहा. ‘दुकानाला पाठिंबा द्या’ या आवाहनाने जे होत नाही ते याने होतं.

गावाच्या वस्तीकडेही उघड्या डोळ्यांनी बघायला हवं. अडीचशे घरांपैकी साठ घरं दुसऱ्या मुक्कामाची किंवा सुट्टीत भाड्याने जाणारी असली, तर हिवाळ्यात गिऱ्हाईक एकशे नव्वद घरांचंच. कॉर्नवॉल, लेक डिस्ट्रिक्ट, नॉरफोकचा किनारा इथे हे प्रमाण विक्रीचा अख्खा आलेख बदलतं. एप्रिल २०२५ पासून काउन्सिलना, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, दुसऱ्या घरांवर काउन्सिल टॅक्स (आपली घरपट्टी) दुप्पटीपर्यंत लावायची मुभा आहे, पण म्हणून फेब्रुवारीत तिथे दिवे लागत नाहीत. हिशेब कायम राहणाऱ्या घरांवरच करा.

जागा

बहुतेक ठिकाणी दुकान खाली आणि मालकाचं घर वर, एकाच इमारतीत असतं. अडचण इथेच आहे: ती इमारत दुकान म्हणून विकण्यापेक्षा नुसतं घर म्हणून विकली तर जास्त पैसे येतात. मालक वाईट नसतो, त्याची म्हातारपणाची पुंजी त्या विटांत असते. त्याच्याशी भांडण काढण्याआधी खालचा भाग लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळेल का, ते विचारा.

दुकान ताब्यातून जाऊ नये म्हणून स्थानिक काउन्सिलकडे ‘ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे गावाच्या उपयोगाची मालमत्ता, म्हणून नोंद करता येते. ही तरतूद २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टमधली. अर्ज पॅरिश काउन्सिल, म्हणजे गावची ग्रामपंचायतच म्हणा, करू शकते. किंवा स्थानिक मतदारयादीत नाव असलेल्या किमान २१ जणांचा गट. अर्जासोबत जागेची हद्द दाखवणारा नकाशा, मालकाचं नाव (लँड रजिस्ट्रीतून काही पौंडांत उतारा मिळतो) आणि ही जागा गावाच्या सामाजिक जीवनाला कशी उपयोगी पडते याचे दाखले द्यायचे. तिथे ‘फार आवडतं दुकान’ असं लिहून भागत नाही. पेन्शनर मंडळी मंगळवारी तिथे भेटतात, औषधांची पाकिटं तिथे ठेवली जातात, बस नसलेल्यांना दुसरं दुकान इतके मैल दूर आहे, अशा ठोस गोष्टी लिहा. काउन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो आणि नोंद पाच वर्षं टिकते.

नोंद झाली की मालकाला विकण्याआधी कळवावं लागतं. तिथून सहा आठवड्यांत गावच्या संस्थेने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं लेखी दिलं, तर विक्री एकूण सहा महिने थांबते. इथे तीन ठिकाणी गावं फसतात. पहिलं, सहा महिने मालकाने कळवल्या दिवसापासून मोजतात, सहा आठवडे त्यातच आले. पैसे जमवायला प्रत्यक्षात साडेचार महिने उरतात. दुसरं, २१ जणांचा नोंदणी नसलेला गट नोंदीसाठी अर्ज करू शकतो, पण विक्री थांबवायला तो चालत नाही. पॅरिश काउन्सिल, धर्मादाय न्यास किंवा नोंदलेली संस्थाच लागते. संस्था आधी काढा. तिसरं, गावालाच विकायचं बंधन मालकावर नाही, आणि चालता धंदा म्हणून विक्री झाली तर हा नियम लागूच होत नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात हा हक्क बदलून गावाला खरेदीचा पहिला मान आणि बारा महिन्यांची मुदत देण्याची योजना होती. त्यामुळे अर्ज करण्याआधी आज कोणता नियम चालू आहे ते काउन्सिलकडून लेखी मागून घ्या.

जुनी इमारत हातची गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही. हॉलच्या आवारातली लाकडी खोली, चर्चचा मागचा भाग, पबचा कोपरा, कुठेही दुकान बसतं. नॉर्थ यॉर्कशरमधल्या हड्सवेलचा दाखला जरूर अभ्यासावा. गावचा एकुलता एक पब ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ २००८ मध्ये बंद पडला. गावाने संस्था काढली, भाग (शेअर) विकले, पब विकत घेतला आणि २०१० मध्ये दारं उघडली. त्याच छपराखाली स्वयंसेवकांचं लहानसं दुकान आणि वाचनालय सुरू झालं, मागच्या जमिनीत भाजीचे वाफे पाडले. बिअरप्रेमींच्या ‘कॅम्रा’ संघटनेने २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्यालाच निवडलं. एका भिंतीचं भाडं आणि एक बॉयलर दोन-तीन कामांत वाटला जातो, हे त्यामागचं साधं गणित.

बांधकाम परवान्याच्या दृष्टीने २८० चौरस मीटरपर्यंतचं, मुख्यतः खाण्यापिण्याचा आणि गरजेचा माल विकणारं आणि तसंच दुसरं दुकान एक किलोमीटरच्या आत नसलेलं दुकान ‘एफ२’ या गावोपयोगी वर्गात मोडतं. त्याचं ऑफिस किंवा कॅफे करायला परवानगी लागते. पबचं दुकान किंवा घर करायलाही २०१७ पासून परवानगी लागते. हे दोन मुद्दे मालकाशी किंमत ठरवताना कामी येतात.

संस्था आणि भाग

महाराष्ट्रातून इंग्लंडच्या गावात जाऊन राहिलेल्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल: सभासद, भाग, पोटनियम, वार्षिक सभा. गावच्या दुकानासाठी सगळ्यात सोयीचा प्रकार ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’, कायदा २०१४ चा. किमान तीन सभासद लागतात, नोंदणी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे होते. प्लंकेट यूके ही ग्रामीण सहकारासाठी काम करणारी संस्था (मूळ स्थापना १९१९, आयरिश सहकारी चळवळीचे सर होरेस प्लंकेट यांची) तयार पोटनियम देते. ते जसेच्या तसे घ्या. एकेक कलम आपल्या मनासारखं बदलत बसलं की वेळ जातो.

भाग विकताना लोकांना चार गोष्टी तोंडी आणि लेखी सांगा. दहा हजारांचे भाग असोत की पंचवीसचे, मत एकच. भाग बाजारात विकता येत नाहीत. पैसे परत हवेत तर संस्थेकडूनच, तेही संस्थेला परवडेल तेव्हा. भागाची किंमत कधी वाढत नाही, घटू मात्र शकते. आणि संस्था बुडाली तर बँकेतल्या ठेवीसारखं सरकारी संरक्षण याला नाही. हे सांगताना संकोच करू नका; पुढे एखाद्या विधवेला पैसे तातडीने हवे असतात आणि संस्थेकडे नसतात, तेव्हा आधी न सांगितल्याचं दुःख सगळ्या गावाला होतं.

किमान रक्कम शंभर पौंड ठेवली तर भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबं बाहेर राहतात, आणि दूध-ब्रेड रोज घेणारी तीच असतात. पंचवीस ठेवा, हप्त्याने द्यायची सोय ठेवा. विक्रीला सहा ते आठ आठवड्यांची ठळक मुदत द्या. किमान किती जमलं तर काम सुरू होईल हे आधी जाहीर करा, आणि तेवढं जमलं नाही तर सगळ्यांचे पैसे परत. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत भरायचं असतं; सचिव कोण होणार हे ठरवताना हे काम आवडणारा माणूस शोधा.

चालू दुकान घेत असाल तर शिल्लक माल मोजायला त्रयस्थ मोजणीदार बोलवा आणि खरेदीच्या भावानेच घ्या. तारीख उलटलेला किंवा दोन वर्षं धूळ खाणारा माल यादीतून काढा. जुन्या दुकानात पगारी माणूस असेल, तर धंदा बदलताना त्याची नोकरी त्याच अटींवर तुमच्याकडे येते. हे खर्चात धरायचं विसरतं.

फळ्या, फ्रीज, दूध

दारं उघडायच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंद करा, ती फुकट आहे. दारू विकायची असेल तर वेगळा परवाना: दारावर फिकट निळ्या कागदाची नोटीस २८ दिवस लावावी लागते आणि वैयक्तिक परवाना असलेली एक व्यक्ती जबाबदार म्हणून नेमावी लागते. वाईनच्या बाटलीवर ब्रेडपेक्षा बरंच मार्जिन सुटतं, तेव्हा हा परवाना टाळू नका. पगारी माणूस ठेवला की किमान ५० लाख पौंडांचा मालकाच्या दायित्वाचा (कामावर माणसाला इजा झाली तर भरपाईचा) विमा सक्तीचा आहे.

फ्रीजसाठी कायद्याची मर्यादा ८ अंश सेल्सिअस. तुम्ही ५ वर लावा. उघड्या तोंडाचा फ्रीज दाराजवळ ठेवला की दर वेळी दार उघडताच गार हवा बाहेर सांडते आणि जुलैत काटा ९ वर जातो. तो आतल्या भिंतीला लावा, रात्री पडदा ओढा. तापमान सकाळी उघडताना आणि दुपारी असं दोनदा वहीत लिहा.

दुधाची फळी भरायची पद्धत प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला हात धरून दाखवावी लागते. आलेला क्रेट खाली ठेवायचा. फळीवरच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढायच्या, झाकणाजवळची तारीख वाचायची, नव्या बाटल्या मागे, जुन्या पुढे, लेबल गिऱ्हाइकाकडे. घाईत नवं दूध पुढे ढकललं की तीन दिवसांनी मागच्या ओळीत सहा बाटल्या मुदतीबाहेर सापडतात, आणि त्या सहा बाटल्यांचं नुकसान भरून काढायला चाळीसेक बाटल्या विकाव्या लागतात. ‘यूज बाय’ (सुरक्षिततेची) तारीख उलटलेला माल विकणं गुन्हा आहे. ‘बेस्ट बिफोर’ (चव-दर्जाची) उलटलेला चालतो, पण वेगळ्या टोपलीत, किंमत कमी करून आणि तसं लिहून.

दुकानातच सँडविच करून गुंडाळून ठेवत असाल तर ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येकावर पदार्थाचं नाव आणि सगळे घटक लिहावे लागतात, १४ ॲलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत. घरून केक करून आणणाऱ्या आज्जीबाईंनाही घटकांची यादी मागावीच लागते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून छापील कोरा फॉर्म आधीच देऊन ठेवा.

वर्तमानपत्रं न खपलेली परत जातात, तरी घाऊकवाला आणून टाकण्याचा आठवड्याचा आकार लावतो. तो आकार कमिशनमधून वजा केला की काही ठिकाणी काहीच उरत नाही. तरीही ती बंद करण्याआधी बघा: सकाळी पेपर घ्यायला येणारा माणूस सोबत काय नेतो?

विक्री व्हॅटची मर्यादा, म्हणजे सध्या वर्षाला ९०,००० पौंड, सहज ओलांडते, कारण शून्य दराचा मालही त्यात मोजतात. ब्रेड, दूध, साधं बिस्किट, केक शून्य दराने. चॉकलेटचा थर असलेलं बिस्किट, चिप्स, थंड पेय, गरम कॉफी, दारू यांवर २० टक्के. म्हणून गल्ल्याचं यंत्र बारकोड वाचणारंच घ्या. जुन्या बटणांच्या यंत्रावर वीस वेगळ्या हातांनी दर निवडले की तिमाहीचा हिशेब जुळत नाही.

पाळ्या

सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ५.३०, शनिवारी १ पर्यंत, हे झाले साडेबावन्न तास. प्रत्येक वेळी दोघं हवेत, म्हणजे १०५ तास. अडीच तासांची पाळी धरली तर आठवड्याला ४२ पाळ्या. दर माणशी एक पाळी, त्यात सुट्ट्या, गुडघ्याची ऑपरेशनं, नातवंडांची आजारपणं धरून यादीत साठ नावं हवीत. चाळिसावर सुरू केलं तर पहिल्या ऑगस्टमध्ये तीच आठ माणसं सगळं ओढतात आणि डिसेंबरपर्यंत त्यांतली तीन कायमची थांबतात. नावं कमी असतील तर तास कमी करा; दुपारी १२ ते ३ बंद ठेवलेलं दुकान परवडतं, पण पाटी ‘उघडं’ आणि दाराला कुलूप हे एकदा झालं तरी लोक पुन्हा गाडी काढून सुपरमार्केटला जातात.

स्वयंसेवकांत बहुतेक निवृत्त माणसं. दोन पाळ्या अनुभवी माणसाबरोबर केल्याशिवाय कुणाला एकटं गल्ल्यावर बसवू नका. पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे दारूसाठी ओळखपत्र मागायचं, मग तो शेजाऱ्याचा मुलगा का असेना; नकार दिला की नोंदवहीत तारीख-वेळ लिहायची. गल्ल्यात दोन पौंड कमी-जास्त आले तर कुणाचं नाव घेऊ नका, फक्त आकडा लिहा. नाव घेतलं की माणूस जातो, आणि सहसा त्याची बायकोही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शनिवारची पाळी द्या. गावातली शाळा बंद होऊन ती बसने दूरच्या गावी जात असतात. गावातल्या मोठ्या माणसांशी बोलायची त्यांची हीच एक जागा उरते. दारूची विक्री मात्र त्यांच्या हातून करायची तर दर वेळी मोठ्या जबाबदार व्यक्तीची संमती लागते.

पोस्ट

पोस्टाचा काउंटर घेण्याआधी करार नीट वाचा. ‘लोकल’ प्रकारात ठरलेला मोबदला नसतो, फक्त व्यवहारामागे कमिशन. शेवटचं दुकान असलेल्या गावांसाठीचा ‘कम्युनिटी’ प्रकार वेगळा, त्यात ठरावीक रक्कमही मिळते. तोच मिळतो का ते आधी विचारा. काउंटरवर बसायला प्रशिक्षित माणूस लागतो, साठ स्वयंसेवकांच्या भरवशावर हे काम चालत नाही. जमत नसेल तर ‘आउटरीच’ मागा: शेजारच्या गावचा पोस्टमास्तर आठवड्यातून काही तास येऊन हॉलमध्ये किंवा तुमच्या दुकानात बसतो. मग त्या तासांना कॉफीचं यंत्र चालू ठेवा आणि खुर्च्या मांडा. जवळची बँक बंद झालेल्या गावात पेन्शन काढायला आलेली माणसं तास-तास बसतात.

वस्ती ३,००० च्या आत असेल आणि गावातलं ते एकमेव किराणा दुकान किंवा पोस्ट असेल, तर मालमत्तेच्या ठरावीक मूल्यापर्यंत व्यावसायिक कर पूर्ण माफ होतो. ही सूट मिळावी म्हणून काउन्सिलला पहिल्याच आठवड्यात पत्र लिहा.

उघडल्यानंतर पहिले सहा आठवडे विक्री फुगलेली असते; सगळे बघायला येतात. त्या आकड्यावर माल भरू नका. दर सोमवारी तीन आकडे दारामागच्या फळ्यावर लिहा: गेल्या आठवड्याची विक्री, फेकलेल्या मालाची किंमत, रिकाम्या राहिलेल्या पाळ्या. गिऱ्हाइकांना दिसतील असे लिहा. फेब्रुवारीत विक्रीचा आकडा तीन हजारांखाली येतो तेव्हा समितीने पत्रक काढायची वाट बघायची नाही. दूध घ्यायला आलेल्या माणसाला फळ्याकडे बोट दाखवून विचारायचं, ब्रेडही इथूनच नेणार का.